मंगल चिन्हे, पूजेची साधने आणि सोपाऱ्याचा दगड

नवीन पनवेलला लागून, गाढी नदीच्या परिसरात असलेल्या विचुंबे गावात एखादे बौद्ध कुटुंब नव्या घरात राहायला येते, तेव्हा दिवाणखान्यातल्या टेबलावर ठरलेली मांडणी होते. धुतलेले पांढरे कापड, त्यावर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, अगरबत्ती, ताटलीत फुले, पाण्याने भरलेला तांब्या, पिंपळाची चार पाने आणि पांढऱ्या दोऱ्याची रीळ. कुणी महाड-माणगावकडून आलेले असते, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून. बोली वेगळी, जेवणाची चव वेगळी, पण टेबलावरच्या वस्तू बहुतेक त्याच. हे पुस्तक या वस्तूंविषयी आहे. शिवाय ज्या वस्तू या टेबलावर नसतात पण बाजारात बौद्ध म्हणून विकल्या जातात, किंवा आपल्याच डोंगरांतल्या लेण्यांत कोरलेल्या आहेत आणि आपण त्यांच्या समोरून न ओळखता निघून जातो, त्यांच्याविषयीही आहे.

हे लिहावेसे वाटले ते दोन प्रकारची बोलणी सतत कानावर पडतात म्हणून. शिकलेली मुले विचारतात, बाबासाहेबांनी आपल्याला कर्मकांडातून सोडवले, मग मेणबत्ती आणि दोरा कशाला? त्याच घरातली दुसरी माणसे बाजारातून पितळी कासव, हसरा बुद्ध, रंगीत पताका असे जे जे मिळेल ते शुभ म्हणून आणतात आणि दारात, गल्ल्यावर, गाडीवर लावतात. पहिल्यांना सगळेच टाकावेसे वाटते, दुसऱ्यांना सगळेच हवे असते. दोघांनाही माझे सांगणे एकच आहे. बौद्ध परंपरेत मंगल वस्तूत साठवलेले नसते, वस्तू हातात घेऊन माणूस जे करतो त्यात असते. हे मत माझे एकट्याचे नाही. त्याचा पुरावा उत्तर कोकणातच, सोपाऱ्याला सापडला आहे, आणि तोही दगडावर कोरलेला.

सोपारा म्हणजे आजचा नालासोपारा, प्राचीन शूर्पारक बंदर. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला ‘बुरुड राजाचा कोट’ नावाने ओळखला जाणारा उंचवटा खणला. तो स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात एक मोठा गोल दगडी करंडा होता. त्याच्या मधोमध तांब्याची डबी आणि तिच्या भोवती गोलाकार मांडलेल्या आठ ब्राँझच्या बैठ्या मूर्ती होत्या. सात मूर्ती पूर्वीच्या बुद्धांच्या, आठवी येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या डबीत चांदीची डबी, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. फटींमधून सोन्याची फुले भरलेली. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही त्यात होते. मूर्ती त्या नाण्यापेक्षा कितीतरी नंतरच्या, साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे हा स्तूप शतकानुशतके लोकांच्या श्रद्धेत होता, कुणीतरी तो पुन्हा उघडून त्यात भर घातली होती. एवढ्या पाच आवरणांच्या आत, सोन्याच्या डबीत, काय जपले होते? मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. त्या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असा निष्कर्ष भगवानलालांनी काढला. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. ज्याला कुणाला बौद्ध साधनांचे मोल समजून घ्यायचे असेल त्याने या डब्यांचा क्रम मनात ठेवावा. चांदी, स्फटिक, सोने ही सगळी वेष्टने. मोलाची वस्तू म्हणजे रोज दारोदार फिरून अन्न घेण्याचे मातीचे भांडे.

त्याच वर्षी, त्याच परिसरात भगवानलालांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा मात्र हाती यायला 1956 साल उजाडले. तो सोपाऱ्याजवळच्या भुईगावात सापडला. हा नववा लेख मंगलकार्यांविषयीच आहे. त्याचा पूर्ण मजकूर गिरनार, कालसी अशा ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. अशोक म्हणतो की लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगले करतात, आणि त्यांतली पुष्कळशी क्षुल्लक, निरर्थक असतात. (बायका अशी मंगले फार करतात, असेही तो म्हणतो. ते वाक्य मला खटकते, कारण दुकानातून कासव आणणारे बहुधा पुरुषच असतात.) पुढे तो मंगले करूच नका असे सांगत नाही. करावीत, पण त्यांचे फळ थोडे आहे, असे म्हणतो. फार फळ देणारे मंगल म्हणजे धम्ममंगल: दास-नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान ठेवणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम पाळणे, श्रमण-ब्राह्मणांना दान देणे. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला पडेल असा हा मजकूर होता. आणि त्याचा हरवलेला तुकडा ज्या वर्षी पुन्हा उजेडात आला, त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली.

अशोकाने हे कुठून घेतले असावे, ते शोधायला लांब जावे लागत नाही. परित्राण पाठात प्रत्येक घरी म्हटले जाणारे मंगल सुत्त सुत्तनिपातात आहे. सर्वांत उत्तम मंगल कोणते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यात अडतीस मंगले मोजली जातात. त्यांत एकही वस्तू नाही. मूर्खांची संगत टाळणे, आईवडिलांची सेवा, मुलाबाळांचा सांभाळ, हातात एखादे कसब असणे, नशापाणी न करणे, कृतज्ञता, क्षमा, आणि जगाच्या टक्क्याटोणप्यांत न हलणारे मन. पाठ चालू असताना समोरच्या ताटलीत फुले असतात, पण म्हटली जात असते ती वागणुकीची यादी. ही यादी मुलांना अर्थासकट समजावली, तर मेणबत्तीबद्दलचे त्यांचे निम्मे प्रश्न सुटतात, असा माझा अनुभव आहे.

बाबासाहेबांनी विधी टाकून दिले, हा समज आपल्यात घट्ट आहे, म्हणून इथे जरा थांबतो. 1950 मध्ये ते श्रीलंकेत कँडी येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. बौद्ध विधी प्रत्यक्ष कसे होतात ते पाहणे हा आपल्या येण्याचा एक हेतू असल्याचे त्यांनी तिथे सांगितले होते आणि धर्मात विधींना महत्त्वाचे स्थान असते असेही म्हटले होते. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडच्या विहारात त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिका त्यांनी स्वतः तयार केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला कुशीनाराच्या भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले, तेव्हा अंगावर पांढरे कपडे होते, टेबलावर बुद्धमूर्ती होती, अगरबत्ती जळत होती. बाबासाहेबांनी हात जोडून मूर्तीसमोर तीन वेळा मस्तक लववले आणि पांढरी कमळे वाहिली. त्यानंतर त्यांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. कमळे वाहणारा आणि प्रतिज्ञा देणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही. टाकायचे काय आणि ठेवायचे काय, याचा विचार त्यांनी आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा खोलवर केला होता. आपल्या टेबलावरची मांडणी त्या दिवसाच्या मांडणीतूनच आली आहे.

आता चिन्हांकडे. बौद्ध परंपरेत, विशेषतः हिमालयात आणि तिबेटात, आठ मंगल चिन्हांचा संच प्रसिद्ध आहे: छत्र, दोन सोनेरी मासे, निधिकलश, कमळ, उजव्या वळणाचा शंख, श्रीवत्स किंवा अखंड गाठ, ध्वज आणि चक्र. संच म्हणून हे तिबेटी चित्रांत, तोरणांत, भांड्यांवर दिसतात. सुटी सुटी चिन्हे मात्र आपल्या सह्याद्रीत त्याहून पुष्कळ जुनी आहेत. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांच्या आगेमागे स्वस्तिक, त्रिरत्न अशा खुणा कोरलेल्या आहेत. मानमोडीच्या चैत्याच्या दर्शनी भागावर कमळात उभी असलेली श्री आहे, दोन्ही बाजूंना हत्ती. नाशिकच्या पांडवलेण्यांत, गौतमीपुत्राच्या लेण्यातल्या मागच्या भिंतीवर स्तूप कोरलेला आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला चक्र व सिंह. दान देणाऱ्या व्यापाऱ्यांना, भिक्षूंना, राजघराण्यातल्या स्त्रियांना ही चिन्हे ओळखीची होती.

छत्राविषयी थोडे अधिक लिहिल्याशिवाय राहवत नाही. पनवेलहून बोरघाट चढून गेले की लोणावळ्यापुढे कार्ले. तिथल्या चैत्यगृहात स्तूपाच्या माथ्यावर एक लाकडी छत्री आहे. ती प्रतिकृती नाही, मूळची आहे. पावसाळी सह्याद्रीत, दोन हजार वर्षांच्या वस्तीत, परित्यागात, पुन्हा माणसांच्या वर्दळीत हे लाकूड टिकले. बहुतेक पर्यटक बाहेरचा सिंहस्तंभ आणि आतल्या खांबांवरची हत्तीवरची जोडपी पाहून परततात. तुम्ही गेलात तर स्तूपाजवळ जाऊन मान वर करा आणि छत्रीची खालची बाजू पाहा. छत्र राजाच्या डोक्यावर असते. इथे ते राजाच्या डोक्यावर नाही, ज्याने राज्य सोडले त्याच्या स्मृतीवर धरलेले आहे. लेण्यात मूर्ती कोरायचा रिवाज सुरू होण्याआधीच्या काळात एवढे एक लाकडी छत्र भगवंताचे असणे सांगायला पुरत होते.

चक्राबाबत घराघरांत गोंधळ होतो तो आऱ्यांच्या संख्येवरून. राष्ट्रध्वजावरचे चक्र 24 आऱ्यांचे, ते 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने स्वीकारले आणि ते अशोकाच्या सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेले आहे. विहारांत, पत्रिकांवर, घराच्या दारावर दिसणारे आठ आऱ्यांचे चक्र आर्य अष्टांगिक मार्गाचे. दोन्ही धम्मचक्रेच, पण एकाच्या जागी दुसरे काढले की जाणकाराला खटकते. ध्वजाचेही तसेच. आपण ज्याला पंचशील ध्वज म्हणतो तो 1885 मध्ये कोलंबोत तयार झाला. त्याच्या आकाराच्या बाबतीत कर्नल हेन्री ऑल्कॉट यांच्या सूचना महत्त्वाच्या ठरल्या. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे, आणि सहाव्या पट्ट्यात तेच रंग आडवे. त्यात हिरवा रंग नसतो. मोटारसायकलच्या हँडलला बांधलेल्या माळेत हिरवा असतो, कारण त्या तिबेटी प्रार्थनापताका: निळा आकाशाचा, पांढरा वाऱ्याचा, लाल अग्नीचा, हिरवा पाण्याचा, पिवळा पृथ्वीचा. त्यांवर मंत्र आणि वारूचे चित्र छापलेले असते आणि त्या उंचावर, वाऱ्यात लावायच्या असतात. जमिनीवर टाकणे, चाकाजवळ धुळीत लोंबू देणे तिबेटी माणसाला अतिशय लागते. ज्यांना त्या आवडतात त्यांनी जरूर लावाव्यात, उंच लावाव्यात.

मंगल चिन्हांचा हा संच आठांचा, तसाच बौद्ध परंपरेत आठांचा दुसराही एक संच आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. तो म्हणजे भिक्षूच्या जवळ असाव्यात अशा आठ वस्तू, अष्ट परिष्कार. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. हा माणूस खाईल ते दुसऱ्याने दिलेले, फाटले तर स्वतः शिवील, आणि पाणी पिताना त्यातला जीवही मरू देणार नाही, हे सगळे त्या आठ वस्तूंत येते. भिक्षुसंघाच्या या व्यवस्थेची मराठीत ओळख करून देणाऱ्यांत धर्मानंद कोसंबी अग्रणी. त्यांचे ‘बौद्ध संघाचा परिचय’ 1926 सालचे आहे आणि आजही वाचण्यासारखे आहे. वर्षावासानंतर कठीण चीवर दान होते तेव्हा विहारात गर्दी असते, पण पाणी गाळायचे फडके देणारा उपासक क्वचितच दिसतो. द्यावे. ते स्वस्त आहे आणि त्यामागचा विचार मोठा आहे.

घरच्या विधीत माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके साधन म्हणजे दोरा आणि पाण्याचा तांब्या. दोऱ्याचे टोक मूर्तीजवळून निघते, तांब्याच्या गळ्याला वेढे घेते, भंतेजींच्या हातातून पुढे सरकते आणि बसलेल्या प्रत्येकाच्या बोटांतून जात खोलीभर फिरते. आजीच्या हातात, शाळकरी मुलाच्या हातात, पाहुण्यांच्या, शेजाऱ्यांच्या हातात तोच दोरा. रतन सुत्त, करणीय मेत्त सुत्त, मंगल सुत्त होईपर्यंत कुणी उठत नाही, कारण उठले तर दोरा ताणला जातो. लहान मुलेही हे लगेच ओळखतात आणि हात स्थिर ठेवतात. पाठ संपला की तोच दोरा तोडून मनगटांना बांधतात आणि पिंपळाच्या पानाने पाणी शिंपडतात. या पाण्यामागे वैशालीची कथा आहे. नगरात दुष्काळ आणि रोगराई पसरली असताना आनंदाने बुद्धांच्या पात्रात पाणी घेऊन, रतन सुत्त म्हणत, नगराला फेरी घालून ते शिंपडले, असे अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरचे पाली भाष्य, सांगते. सोपाऱ्याच्या डबीतल्या खापऱ्या आणि आपल्या घरातला स्टीलचा तांब्या असे एका धाग्यात येतात. या पाण्याने रोग बरा होतो असे कुणाला सांगू नये. डॉक्टरकडे जावे. रोगराईने भ्यालेल्या नगरात एक माणूस मैत्री मनात धरून रस्त्यारस्त्याने फिरला, ही आठवण ते पाणी जागी ठेवते.

फुलांचा इतिहासही इथलाच. रायगड जिल्ह्यात मांदाडजवळ कुडा लेणी आहेत. तिथल्या दानलेखांत महाभोजांच्या घराण्यातली माणसे आहेत, श्रेष्ठी आहेत, एक वैद्य आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे, आणि एक माळी आहे. हारफुलांचा धंदा करणाऱ्या माणसाने डोंगरात लेणे कोरवून दिले. पुप्फपूजेच्या वेळी आपण फूल कोमेजते तसे हे शरीरही नाशाकडे जाते असे म्हणतो. तो माळी हे सत्य रोज टोपलीत घेऊन बसत होता.

वज्र, घंटा, डमरू, प्रार्थनाचक्र यांची प्रकरणे पुस्तकात आहेत, ती पाहून काही वाचक विचारतील की हे आपले कुठे आहे? वेरूळच्या तीन ताल लेण्यात बोधिसत्त्व त्यांच्या चिन्हांवरूनच ओळखायचे असतात: मंजुश्रीजवळ कमळावर पुस्तक, मैत्रेयाच्या जटेत स्तूप, वज्रपाणीजवळ वज्र. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजी लेण्यांत महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती आहे, एका हातात खड्ग, दुसऱ्या हातात पाश. म. न. देशपांडे यांनी या लेण्यांवर लिहिलेला ग्रंथ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1986 मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे कोकणातही वज्रयानाचे साधक होते. आणि आज गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही 1972 पासूनची तिबेटी वसाहत आहे. तिथे वज्र उजव्या हातात आणि घंटा डाव्या हातात धरून पूजा होते. वज्र करुणेचे, घंटा प्रज्ञेची, आणि दोन्ही हात एकाच वेळी लागतात. आपल्या पद्धतीत ही साधने नाहीत, ती आणावीत असेही मी म्हणत नाही. पण शोभेची वस्तू म्हणून टीव्हीखाली ठेवण्याआधी ती कुणाच्या तरी नित्य साधनेची आहेत एवढे माहीत असावे.

हसऱ्या बुद्धाविषयी मात्र स्पष्ट लिहिले आहे. पोट सुटलेली, पाठीवर झोळी घेतलेली ती मूर्ती गौतम बुद्धांची नाही. बुदाई नावाच्या, दहाव्या शतकातल्या चिनी भिक्षूची ती आहे, आणि चीनमध्ये त्याला मैत्रेयाचा अवतार मानतात. तो भिक्षू प्रेमळ होता, मुलांना आवडे, झोळीतले वाटून टाकी. त्याची मूर्ती भेटच मिळाली पाहिजे, तिच्या पोटावर हात फिरवला की पैसा येतो, या समजुतींचा त्याच्याशी किंवा धम्माशी काही संबंध नाही. ज्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत त्या घरात त्या समजुती तरी नकोत.

पुस्तकाच्या वापराविषयी थोडे. जिथे शक्य तिथे आधी घरात बोलला जाणारा शब्द दिला आहे आणि मग पाली नाव. लेण्यांतली चिन्हे पाहायला जाणाऱ्यांसाठी प्रत्येक ठिकाणी काय, कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर दिसेल हे लिहिले आहे, कारण अंधारात नेमके कुठे पाहायचे ते ठाऊक नसेल तर माणूस समोर उभा राहूनही हुकतो. टॉर्चचा झोत रंगचित्रांवर टाकू नये आणि दगडावर खडूने चिन्हे गिरवू नयेत. गृहप्रवेश, नामकरण, मंगल परिणय आणि पुण्यानुमोदन यांची मांडणी शेवटच्या प्रकरणात क्रमाने आहे. भंतेजी किंवा बौद्धाचार्य उपलब्ध नसतील तर घरातल्या कुणीही, स्त्री असो वा पुरुष, ती पाहून विधी करावा. वस्तू कमी पडल्या तर अडून बसू नये. मूर्ती नसेल तर तसबीर चालते, कमळ नसेल तर अंगणातले कोणतेही फूल चालते, आणि दोरा संपला तर शेजारच्या घरून मागून आणावा.